काठी डाव्या हातात

खुबा उजवा मोडला असेल तर काठी डाव्या हातात धरायची. श्रावणापासून दिवाळीपर्यंत हे वाक्य मी किती वेळा बोलले त्याला गणती नाही. हळू बोलले, समजावून बोलले, दातओठ खाऊन बोलले आणि शेवटी शेवटी तर चौलच्या आमच्या वाडीतून रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले. आई दर वेळी "बरं" म्हणायची. काठी डाव्या हातात घ्यायची, चार पावलं टाकायची आणि मी पाठ फिरवली की काठी पुन्हा उजव्या हातात. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

मी माणगावला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. बारावीचं वर्ष सुरूच होतं फिरणाऱ्या वस्तूंपासून. गेली सव्वीस वर्षं मी त्या धड्याला वर्गाचं दार उघडून दाखवते. बिजागरीजवळ ढकला, दार हलता हलत नाही. कडीजवळ ढकला, एका बोटाने उघडतं. जोर तोच, बिजागरीपासूनचं अंतर वेगळं. जोर गुणिले अंतर, झाला टॉर्क. मराठी पुस्तकात त्याला आघूर्ण म्हणतात, पण तो शब्द ऐकून पोरं आणखीच घाबरतात म्हणून मी टॉर्कच म्हणते. माझ्या हाताखालून गेलेली पोरं इंजिनिअर झाली, दोघं-तिघं डॉक्टर झाली. आणि माझ्या सख्ख्या आईला एक काठी कुठल्या हातात धरायची एवढं मला शिकवता येईना. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

आई पडली विहिरीच्या कट्ट्यावर. पावसाने शेवाळ धरलं होतं, त्यावर सुपारीची झावळी पडलेली, ती उचलायला गेली आणि पाय सटकला. वय वर्षं सत्त्याहत्तर. वडील गेल्यापासून ती वाडीत एकटीच राहते. घर लहान आहे, कौलं काढून पत्रे घातलेलं, पण वाडी तिची आहे, सुपारी आणि नारळ तिचे आहेत आणि ती त्यांची आहे. शेजारच्या काकीने तिला पडलेली पाहिली, म्हणून अलिबागला वेळेवर नेता आली. ऑपरेशन झालं, खुब्याच्या हाडात सळई बसली आणि पंधरवड्याने ती वॉकर घेऊन घरी आली.

खरी अडचण पुढे होती. माझा धाकटा भाऊ नवी मुंबईत राहतो, त्याचा ट्रकचा धंदा आहे आणि सातव्या मजल्यावर फ्लॅट आहे. तो हॉस्पिटलमध्येच म्हणाला की आता आईला एकटं ठेवायचं नाही. आईने भिंतीकडे तोंड केलं आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मग मी मध्ये पडले. बरीच घासाघीस झाल्यावर तो म्हणाला, ठीक आहे, मी भाऊबीजेला येतो. तोवर ओटीवरून उतरून बेड्यापर्यंत, म्हणजे वाडीच्या बांबूच्या फाटकापर्यंत, कुणाचा हात न धरता जाऊन परत आली तर राहू दे तिला इथे. नाहीतर मी गाडीत घालून नेणार, मग रडारड नको. आईने ते कबूल केलं. साठ-सत्तर पावलांचा रस्ता. त्या साठ-सत्तर पावलांवर तिचं सगळं घर टांगलेलं होतं आणि हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. म्हणून तर तिचा हट्ट बघून माझं डोकं फिरायचं.

मी जमेल तेवढ्या रजा टाकल्या, बाकी शनिवार-रविवार माणगावहून ये-जा केली. मी नसताना काकी झोपायला यायची. वॉकर सुटला आणि काठी आली तेव्हा अलिबागहून एक फिजिओथेरपिस्ट मुलगी स्कूटरवरून दोनदा येऊन गेली. तिने सांगितलं, आजी, काठी डाव्या हातात. आई म्हणाली बरं. मुलीची स्कूटर बेड्याबाहेर पडली आणि काठी उजव्या हातात गेली.

मी म्हटलं, अगं, ती काय सांगून गेली? तर आई म्हणाली, तिला काय कळतं, लग्न तरी झालंय का तिचं. मग तिने जे सांगितलं ते ऐकून मी गारच पडले, कारण ते इतकं पटण्यासारखं होतं.

"केळ कलली की टेकू कुठं लावतात, बाय? ज्या अंगाला कलते त्या अंगाला. माझं उजवं अंग कलतंय, मग टेकू डावीकडं कशाला?"

वाडीतल्या माणसाला यापुढे काय सांगणार? जन्मभर तिने घडांनी वाकलेल्या केळींना बांबूचे टेकू दिले. कलत्या बाजूला टेकू, हे तिथल्या पोराटोरालाही कळतं. काकी लगेच म्हणाली, बरोबर बोलतेय की तुझी आई. दूधवाल्याने ओटीवर बसून सांगितलं की त्याच्या आजोबांची काठी दुखऱ्या पायाकडेच असायची. समोरच्या वाडीतले तात्या तर मला म्हणाले, तुझं ते पुस्तकातलं पुस्तकात ठेव. सगळा गाव एका बाजूला आणि मी एका बाजूला. मी आईला एकच उत्तर दिलं, तेही चिडून.

"केळ चालत नाही, आई."

ते खरंच तेवढंच होतं. केळ जमिनीत रोवलेली असते. माणूस चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला क्षणभर एकाच पायावर उभा असतो. उजवा पाय जमिनीवर आणि डावा हवेत, की सगळं धड उजव्या खुब्याच्या गोळ्यावर तोललं जातं. तो गोळा म्हणजे बिजागरी. धडाचं वजन पडतं बेंबीच्या रेषेत, म्हणजे बिजागरीच्या डावीकडे साधारण अर्ध्या वितीवर, आणि ते डावी बाजू खाली ओढतं. ती खाली जाऊ नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या अंगाचा स्नायू उलटा ओढतो. पण तो बिचारा बिजागरीपासून दोन-तीन बोटांवरच. अंतर निम्मं, म्हणून जोर दुप्पट. आईचा तोच स्नायू ऑपरेशनने आणि महिनाभर पडून राहून सुकला होता. त्याला जोर पुरेना, म्हणून ती प्रत्येक पावलाला सगळं अंग उजवीकडे झोकून द्यायची, वजन बिजागरीच्या डोक्यावर आणायला. काठी डाव्या हातात असेल तर बिजागरीपासून हातभर लांबून ती डावी बाजू उचलून धरते. नुसती टेकवली तरी पुरे, कडीजवळ दार ढकलल्यासारखं. आणि उजव्या हातातली काठी उजवी बाजू वर ढकलते, म्हणजे डावी आणखी खाली. वैऱ्याला मदत.

हे सगळं मी समजावलं. दार उघडझाप करून दाखवलं. आईला ओटीवर बसवून झाडू बोटावर तोलून दाखवला. काही उपयोग नाही म्हटल्यावर एका सकाळी मी रांगोळीचा डबा काढला आणि ओटीवर खुब्याचं चित्रच काढलं. गोळा पांढरा, वजनाचा बाण लाल, स्नायूचा हिरवा, काठीचा पिवळा. काकी येऊन बराच वेळ बघत राहिली आणि तिने विचारलं, ही किती ठिपक्यांची आहे गं? आईने त्या चित्राला वळसा घातला, कारण रांगोळी ओलांडायची नाही, आणि तो वळसा तिने काठी उजव्या हातात धरून घातला.

आता हसू येतं, तेव्हा नाही आलं. तेव्हा माझ्या कपाळाची शीर उडायची. दिवस भराभर जात होते आणि आई काही सुधरत नव्हती. त्यात ऑपरेशनचा पाय ती गुडघ्यात वाकवायचीच नाही. कंपासच्या टोकासारखा ताठ पाय बाहेरून फिरवून पुढे आणायची. मी सांगायचे, वाकव, लांब दांडा फिरवायला जड असतो, पाय दुमडला की आखूड होतो आणि सहज पुढे येतो. ती म्हणायची, बरं. त्या "बरं"ची मला चीड यायला लागली. मी काठी तिच्या उजव्या हातातून काढून घेऊन डाव्यात कोंबायचे, तिची बोटं मुठीवर दाबून धरायचे. चार पावलांनी काठी हातातून गळायची. मला वाटायचं मुद्दाम सोडते. एकदा तिसऱ्यांदा काठी पडली तेव्हा माझा तोल गेला.

"मग जा सातव्या मजल्यावर. तिथे लिफ्ट आहे, काठीच लागायची नाही."

आई ओटीवर बसली, पदराने काठीची मूठ पुसली आणि ती भिंतीला टेकवून ठेवली. त्या दिवशी तिने दुपारचं जेवण घेतलं नाही, पोट जड आहे म्हणाली. मला माझी लाज वाटली, पण माफी काही मागता आली नाही. माझ्या तोंडून ती लवकर निघत नाही.

त्यानंतर ती माझ्यासमोर चालेचना. मी घरात असले की ओटीवर बसून सुपाऱ्या सोलायची. चाल म्हटलं की म्हणायची, नंतर. मी मनातून हरलेच होते. भावाला फोन करून सांगावं की तुझं खरं, ये आणि घेऊन जा, असं दोनदा मनात आलं.

वसुबारसेला मी पणत्या आणि उटणं आणायला रेवदंड्याला गेले. येताना रिक्षा लगेच मिळाली, म्हणून सांगितल्यापेक्षा तासभर आधीच परतले. बेड्याला हात घातला आणि तिथेच थांबले. आई वाडीतून चालत होती. काठी ओटीवर भिंतीला टेकलेली आणि आईच्या उजव्या हातात अर्धी भरलेली निळी बालदी. ती अबोलीला पाणी घालायला निघाली होती. आणि ती सरळ चालत होती. हळू, पण सरळ. खांदे एका रेषेत, झोक नाही, पायही बऱ्यापैकी वाकत होता. दोन महिन्यांत मी तिला अशी चालताना पाहिली नव्हती.

दुसरी एखादी मुलगी असती तर तिला आनंद झाला असता. मला आला राग. खुब्यात सळई, वय सत्त्याहत्तर आणि बाई काठी टाकून ओझं घेऊन फिरतेय. मी बेड्यातूनच ओरडले. ती दचकली, पाणी हिंदकळून पायावर सांडलं, पण ती पडली नाही. मी धावत जाऊन बालदी हिसकावली आणि जे तोंडाला येईल ते बोलले. माझं बोलून संपेपर्यंत ती माडाला हात लावून उभी राहिली. मग म्हणाली, काठीपेक्षा ही बरी हाय, ही धरली की मी कलत न्हाय. किती दिवस चाललंय हे, असं मी विचारलं, तर आठ दिवस. काकीला माहीत होतं. दूधवाल्यालाही माहीत होतं.

तिला ओटीवर बसवून मी पुन्हा रांगोळी काढली. तिचं चुकतंय हे आज सिद्ध करायचंच, एवढंच डोक्यात होतं. गोळा काढला. धडाच्या वजनाचा लाल बाण, बिजागरीच्या डावीकडे, खाली. स्नायूचा हिरवा बाण, बिजागरीच्या उजवीकडे, खाली. मग बालदीचा बाण काढायला घेतला. बालदी उजव्या हातात, बिजागरीच्या बाहेर चांगली वीतभर, आणि तिचं वजन खाली. म्हणजे बाण हिरव्याच्या शेजारी, हिरव्याच्याच दिशेने. स्नायूपेक्षा तिप्पट-चौपट अंतरावर. चिमटीतली रांगोळी तशीच धरून मी बसून राहिले. सुकलेला स्नायू एकटा जे करू शकत नव्हता, त्यातलं थोडं ओझं ती बालदी उचलत होती. बालदी जड म्हणून आई हलकी चालत होती. आणि हे गणित मी वर्गात दर वर्षी घालते, फक्त त्यात माणूस नसतो, फळी असते आणि तिच्या टोकांना वजनं असतात.

आई चित्राकडे बघत होती. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण माझा चेहरा कळत होता. तिने विचारलं, बरोबर हाय ना? मी म्हटलं, हो, बरोबर आहे. तेवढे शब्द बोलायला मला बराच वेळ लागला.

पण माझ्यातली मास्तरीण गप्प बसेना. हे जर हिला आपोआप उमगलं, तर डाव्या हातातली काठी का उमगली नाही? तीही तेच काम करते, उलट जास्त चांगलं. मी विचारलं आणि तेही जाब विचारल्यासारखंच विचारलं.

तिने डावा हात पुढून वर न्यायचा प्रयत्न केला. तो छातीपाशी येऊन अडला. मग तिने सांगितलं. माझं एमेस्सीचं शेवटचं वर्ष होतं तेव्हा ऐन उन्हाळ्यात पंप जळला होता. सुपारीची नवी रोपं लावलेली. वडील अंथरुणाला खिळलेले. तिने महिना-दीड महिना रहाटावरून हाताने पाणी ओढलं आणि एके दिवशी भरली कळशी वर येता येता डाव्या खांद्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं. तेल चोळलं, शेकलं, मग कामाला लागली. तेव्हापासून त्या हाताने ओझं झेपत नाही आणि टेकून जोर दिला की खांद्यात सुरी फिरवल्यासारखी कळ येते. वॉकरचा भारही तिने उजव्या हातावरच घेतला होता. काठी ती मुद्दाम सोडत नव्हती. ती तिच्या हातात राहतच नव्हती.

मला एकेक आठवायला लागलं. फडताळावरची बरणी काढायला ती कायम कुणाला तरी हाक मारायची आणि मी म्हणायचे, हात वर केला तर झिजतो का तुझा? माझ्या लेकीला तिने कायम उजव्या खांद्यावर खेळवलं. वेणी काकीकडून घालून घ्यायची, मला वाटायचं म्हातारपणी लाड पुरवून घेते. ही सगळी वर्षं तिचा एक हात मेलेला होता आणि मी, जिला कुठल्या सांध्यावर किती जोर पडतो ते कागदावर मांडता येतं, मला ते दिसलं नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस कुठं, बाय? तू सांगतच होतीस."

ती हे रागाने बोलली नाही. सुपाऱ्यांचं सूप जवळ ओढलं आणि सोलायला लागली. मी ओटीवरून उठून न्हाणीत गेले आणि नळ सोडून रडले. दुःखाने नाही, स्वतःच्या रागाने रडले.

दुसऱ्या दिवशी मी त्या फिजिओथेरपिस्ट मुलीला फोन केला. ती म्हणाली की खांद्याचं मला कुणी सांगितलंच नाही. मी म्हटलं, तू विचारलंस का? आणि जीभ चावली. तिने नीट समजावून सांगितलं: बालदी अर्ध्याच्या वर भरायची नाही, कोरड्या जमिनीवरच चालायचं, डाव्या हातात काहीच घ्यायचं नाही, कारण त्या बाजूचं ओझं खुब्याला दुप्पट महाग पडतं. एकदा येऊन बघते म्हणाली. नरक चतुर्दशीला आली, आईला बालदी घेऊन बेड्यापर्यंत चालवली आणि जाताना म्हणाली, आजी, तुम्हीच मला शिकवलंत. आईने तिला सुपारीची पुडी दिली आणि लग्नाचं विचारलं.

भाऊबीजेला भाऊ सकाळीच आला. मी त्याला ओवाळलं. त्याने ताटात पाकीट ठेवलं, चहा घेतला आणि गाडीची डिकी उघडून दाखवली. आत घडी होणारी व्हीलचेअर होती, प्लास्टिकसुद्धा न काढलेली. म्हणाला, आईसाठी आणलीय, आपण नेतोच आहोत तर. आई उठली. बालदी मी आधीच अर्धी भरून पायरीशी ठेवली होती. तिने ती उजव्या हाताने उचलली आणि चालायला लागली.

भावाला काय माहीत? त्याने बघितलं ते एवढंच, की ऑपरेशन झालेली आई पाण्याची बालदी घेऊन निघालीय आणि बहीण हाताची घडी घालून उभी आहे. म्हाताऱ्या माणसाच्या हातात ओझं दिसलं की धावून ते काढून घ्यायचं, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. ते आईनेच शिकवलेलं. तो धावला. मी नको नको म्हणेपर्यंत त्याने बालदी तिच्या हातातून काढून घेतली होती. पुढचं पाऊल उजव्या पायावर पडलं आणि आई एकदम उजवीकडे झोकली गेली. सुपारीचं झाड हाताशी होतं म्हणून सावरली. भाऊ तिला धरून माझ्याकडे बघायला लागला.

"बघ, ताई. बारा पावलं झाली नाहीत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याला सांगायला सुरुवात केली. बिजागरी, स्नायू, वीतभर अंतर, सगळं एका श्वासात. माझे हात आपोआप हवेत बाण काढायला लागले. तो म्हणाला, तुझा वर्ग इथे भरवू नकोस, मला डोळ्यांनी दिसतंय. तो जसा बोलला तसंच मी दोन महिने बोलत होते. तोच आवाज, तीच खात्री. आई त्या झाडाला धरून आमच्या दोघांकडे बघत होती. ती काही मागत नव्हती. पूर्वीसारखी "बरं" म्हणायच्या बेतात होती, ते मला तिच्या ओठांवर दिसलं. ती एकदा "बरं" म्हणाली असती तर गाडीतही बसली असती.

मी हात खाली घेतले. भावाला म्हटलं, मला काही सांगायचं नाही. तिला विचार बालदी कशाला.

त्याला ते विचित्र वाटलं, पण त्याने मान तिच्याकडे वळवली. आई म्हणाली, दे ती इकडं, ती नसली की मी कलते. एवढंच. तिच्या एका वाक्यात माझी सगळी रांगोळी आली. भावाला समजलं असं मी म्हणणार नाही, पण त्याने बालदी तिच्या हातात दिली आणि दोन पावलं मागे सरला. आई चालायला लागली. पोफळींच्या रांगेतून, विहिरीला वळसा घालून, कुणाचा हात न धरता बेड्यापर्यंत गेली. तिथे पोचली आणि बेड्याशी लावलेल्या पानवेलीच्या बुडाशी सगळी बालदी ओतून मोकळी झाली.

मी कपाळाला हात लावला. आयुष्यभराची सवय. भरली बालदी बेड्यापर्यंत नेली तर वेलीला पाणी घालायचं, ते काय परत आणायचं? तिलाही ते ओतल्यावरच कळलं. रिकामी बालदी हातात धरून ती उभी राहिली. पुढे परतीची तेवढीच पावलं, आणि त्यांच्यावर सगळं ठरणार. मी पुढे झाले नाही. कशी थांबले ते माझं मला माहीत.

आईने इकडेतिकडे पाहिलं. बेड्याजवळ माडाखाली दोन-तीन नारळ पडले होते. तिला जमिनीपर्यंत वाकता येत नव्हतं. तिने भावाला हाक मारली आणि म्हणाली, त्यातला एक बालदीत घाल.

भाऊ माडाखाली गेला. एक नारळ उचलून त्याने बालदीत ठेवला. दुसरा उचलला आणि तो हातात तसाच धरून तिच्याकडे बघत उभा राहिला.

"आई, एवढा पुरे, का हा पण घालू?"

तिने बालदी जराशी उचलून बघितली. घाल म्हणाली. त्याने घातला. मग ती वळली आणि घराकडे चालायला लागली. तो तिच्या मागून चार पावलांवर, हात पाठीशी बांधून. ओटीच्या पायरीशी तिने बालदी खाली ठेवली आणि त्याला म्हणाली, जेवून जा.

तो जेवून संध्याकाळी एकटाच गेला. व्हीलचेअर डिकीतून उतरलीच नाही. आई अजून चौललाच आहे. काठी ओटीवर भिंतीला टेकलेली असते, काकी त्या काठीने मांजर हाकलते. त्या अडीच महिन्यांत तिला एखादी गोष्ट नीट, उत्तर ऐकण्यासाठी कुणी विचारली असेल तर ती त्याने, पुरे का म्हणून. मी नाही. याचा राग मला अजून येतो, आणि तो त्याच्यावरचा नाही.